सनद मिळाल्यानंतरचा अभ्यास

ज्या घरातील माणसे कोर्टाची पायरी केवळ फिर्यादी किंवा आरोपी म्हणून चढली, त्याच घरातील मुलगी काळा कोट घालून न्यायाधीशांसमोर उभी राहते, ही लहान गोष्ट नाही. पेढे जरूर वाटावेत. परंतु खरा अभ्यास सनद मिळाल्यानंतर सुरू होतो, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. कायदा बदलतो. तो बदल वकिलाला ठाऊक नसेल तर नुकसान अशिलाचे होते.

सनदेचे नियम

अॅडव्होकेट्स अॅक्ट, १९६१ अन्वये वकिलांची नोंदणी राज्य बार कौन्सिल करते. आपल्याकडे ती महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल होय. अनेक राज्यांत नोंदणीसाठी हजारो रुपये घेतले जात. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा अधिक शुल्क घेता येणार नाही. ही रक्कम सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये व अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारास १२५ रुपये आहे. मुद्रांक शुल्क वेगळे. गरीब घरातील पदवीधरांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. शैक्षणिक वर्ष २००९-१० पासूनच्या पदवीधरांना अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते. ही परीक्षा घेण्याचा भारतीय बार कौन्सिलचा अधिकार फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठाने मान्य केला.

परीक्षा एकदाच असते. पुढे दरवर्षी ठराविक तास शिकलेच पाहिजे, अशी सक्ती १९६१ च्या कायद्याने घातलेली नाही. म्हणून हे शिक्षण वकिलाने स्वतःच घ्यावयाचे आहे.

तीन नवे कायदे

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. खुनाच्या शिक्षेचे ३०२ कलम आता १०३ झाले. पूर्वी ४८२ म्हटले की उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार आठवत. ते आता कलम ५२८ मध्ये आहेत आणि ४८२ हे अटकपूर्व जामिनाचे कलम झाले आहे. मात्र गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वी घडलेला असेल तर गुन्ह्याची कलमे जुन्या दंड संहितेचीच लागतात. त्यामुळे आजच्या वकिलाला जुने व नवे दोन्ही यावे लागते.

केवळ आकडे बदलले असे नाही. कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, पोलीस ठाण्याने दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविली पाहिजे. मोबाईलमधील चित्रफीत पुरावा म्हणून द्यावयाची तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र आता दोन भागांत लागते. एक पक्षकाराचा व दुसरा तज्ज्ञाचा. प्रमाणपत्र नसेल तर खरा पुरावाही निरुपयोगी ठरू शकतो.

अत्याचार प्रतिबंधक कायदा

१९८९ च्या या कायद्यातील मोठी दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. तिच्यातील कलम १५-अ प्रमाणे जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडितास मिळाली पाहिजे व त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. पीडिताच्या वकिलाने हे कलम वाचलेले नसेल, तर आरोपी जामिनावर गावात परत आल्यावरच कुटुंबाला कळते. तसेच कलम १८ मधील अटकपूर्व जामिनाच्या मनाईत जुन्या संहितेच्या ४३८ चा उल्लेख आहे. तो आता नव्या संहितेच्या ४८२ ला लागू धरून वाचावा लागतो. युक्तिवादाच्या वेळी हे सांगता आले पाहिजे.

जबाबदारी

१४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, सेवेतील त्रुटीसाठी वकिलाविरुद्ध ग्राहक मंचात जाता येत नाही. गैरवर्तनाची तक्रार अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे करता येते. परंतु अज्ञानाने गेलेली तारीख व हुकलेली मुदत अशा तक्रारीने सहसा परत येत नाही. म्हणून वकिलाची नैतिक जबाबदारी अधिक वाढते.

काय करावे?

तरुण वकिलांनी नव्या-जुन्या कलमांचा तक्ता टेबलावर ठेवावा, आठवड्यातून एक निकाल मुळातून वाचावा व ज्येष्ठांना विचारण्यात संकोच करू नये. ज्येष्ठांनीही कनिष्ठांकडून नवी कलमे समजून घेण्यात कमीपणा मानू नये. संस्थांनी आपल्या वाचनालयात तिन्ही कायद्यांच्या मराठी प्रती ठेवाव्यात व महिन्यातून एक रविवार वकील आणि विद्यार्थी यांच्या अभ्यासवर्गासाठी राखावा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना तसेच स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळू शकतो, ही माहितीही तेथे द्यावी. मोफत मिळालेला वकीलही तितकाच अभ्यासू असला पाहिजे, कारण त्याच्या अशिलाला बहुधा दुसरा वकील करणे परवडत नाही.