पाणी तोडल्यावर कळणारा गहू

गव्हाची चाचणी पाहायला येणारे बहुतेक जण सर्वांत हिरव्यागार वाफ्यापाशी थांबतात आणि विचारतात, "दुष्काळ सोसणारा वाण हाच ना?" इंदुरात गव्हाच्या वाफ्यांतच माझी नोकरी झाली. अशा पाहुण्यांना मी आधी कोरड्या पट्ट्याकडे नेत असे. खरा निकाल तिथेच लागतो.

आमच्या माळव्याची जमीन काळी आणि खोल. पावसाचं पाणी ती पोटात धरून ठेवते, आणि त्या ओलीवरच इथे पूर्वापार गहू पिकला. त्यातही कठिया, म्हणजे महाराष्ट्रातला बन्सी. भारतीय कृषी संशोधन संस्थेचं गहू केंद्र इथे 1951 पासून आहे. नावाआधी 'एचआय' असलेले वाण इथलेच. त्यांतला एचआय 1500, म्हणजे 'अमृता', 2003 मध्ये कोरडवाहू शेतीसाठी आला.

वाण पारखायचा तर तेच बियाणं दोन पट्ट्यांत पेरतात. एकाला पाण्याच्या सगळ्या पाळ्या, दुसरा नुसत्या ओलीवर. शेतातली माती सगळीकडे सारखी नसते, म्हणून प्रत्येक वाण दोन्हीकडे अनेक वाफ्यांत येतो. मग उत्पादन मोजायचं. समजा, एक वाण पाण्यावर हेक्टरी 50 क्विंटल देतो आणि कोरड्यात 20. दुसरा पाण्यावर 38, कोरड्यात 28. कोरडवाहू शेतकऱ्याच्या कामाचा दुसरा. पण तिसरा एखादा पाण्यावर 20 आणि कोरड्यात 16 देतो. त्याची घट सर्वांत कमी, कागदावर तोच पहिला येईल, आणि शेतकऱ्याच्या हाती मात्र काहीच लागणार नाही. म्हणून नुसती घट पाहून वाण निवडू नये, असं माझं ठाम मत आहे. दुष्काळात तगणं वेगळं आणि दुष्काळात पिकणं वेगळं.

पीक उभं असतानाही खुणा मिळतात. दुपारच्या उन्हात इन्फ्रारेड तापमापक वाफ्यावर रोखायचा. शेजारचा वाण तापलेला असताना एखादा थंड राहिला, तर त्याची मुळं खालून पाणी ओढताहेत आणि पानं ते बाहेर सोडताहेत असं समजावं. हे काम मला फार आवडायचं, कारण माती न उकरता मुळांची हकीकत कळते. काही वाण फुलोऱ्याआधी खोडात साखर साठवतात आणि पाणी संपल्यावर तीच दाण्यात उतरवतात. त्यामुळे दाणा पोचट राहत नाही.

पेरणीतही एक मेख आहे. वरची माती सुकली की बी खोल ओलीत टाकावं लागतं. हरितक्रांतीतल्या बुटक्या गव्हांना बुटकं करणाऱ्या जनुकांमुळे कोंबाचं आवरणही आखूड झालं, आणि खोलातून वर येताना तो कोंब अडखळतो. उंच वाढणारा जुना सी 306 कोरडवाहू शेतकऱ्यांनी इतकी वर्षं जपला, त्यामागे हेही एक कारण आहे.

चांगला वाण सापडला की पैदासकाराचं काम सुरू होतं. दिल्लीच्या पुसा संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी एचआय 1500 मधले दुष्काळ सोसण्याशी निगडित जनुकीय भाग जीडब्ल्यू 322 या लोकप्रिय वाणात आणले. दर पिढीत जीडब्ल्यू 322 शी पुन्हा संकर करायचा आणि हवा तो भाग आला की नाही हे डीएनए-खुणांवरून तपासायचं. यात वर्षं जातात, पण शेतकऱ्याला सवयीचाच वाण जास्त काटक होऊन मिळतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांना माझं सांगणं एवढंच: शेजाऱ्याचं पीक पाहून बियाणं घेऊ नका. विहिरीत एक-दोनच पाळ्यांचं पाणी असेल, तर त्याच परिस्थितीत पारखलेला वाण मागा. निफाडचा नेत्रावती किंवा इंदूरचा एचआय 1605 मर्यादित ओलितासाठी आहे, आणि एचआय 8777 हा बन्सी पूर्ण जिरायतीसाठी. एकच पाणी देता येणार असेल, तर ते पेरणीनंतर 42 दिवसांच्या सुमारास द्या.