विमानतळालाही गिऱ्हाईक शोधावं लागतं!

जवळपास विमानतळ झाला की लगेच डोक्यात चक्रं फिरतात: लॉज टाकू, गाडी घेऊन टॅक्सीला लावू. कर्ज काढायच्या आधी एक गोष्ट समजून घ्या. धावपट्टी विमानतळाची, पण विमान एअरलाइनचं. ते कुठे उडवायचं हे तीच ठरवते. तिला आपल्याकडे वळवणं हे विमानतळ व्यवस्थापनाचं काम. सरळ सांगायचं तर सेल्स.

इथे पटवायचं असतं एअरलाइनच्या रूट ठरवणाऱ्या खात्याला. त्यांच्याकडे विमानं मोजकी. एक तुमच्याकडे पाठवायचं तर बहुतेक वेळा दुसऱ्या रूटवरून काढावं लागतं. त्यामुळे "आमचं शहर फार वाढतंय" हे भाषण तिथे चालत नाही. चांगला व्यवस्थापक आकडे घेऊन जातो. आपल्या भागातले किती लोक आज दुसऱ्या विमानतळावरून उडतात? कुठे जातात, तिकिटाला किती मोजतात? मंगळवारी किती, शनिवारी किती? आणि जाताना भरलेलं विमान येताना रिकामं आलं तर काय, हा प्रश्न तर हमखास येतो.

मग सवलतींची बोलणी. लँडिंग-पार्किंगचं शुल्क माफ, जाहिरातीचा खर्च वाटून. नव्या दुकानदाराला आपण पहिला माल उधारीवर देतो ना, तसंच. केंद्राच्या उडान योजनेत तर साधारण तीन वर्षं सरकार तोट्याची भरपाई देतं आणि त्या बदल्यात काही सीट स्वस्तात विकायच्या असतात.

पण भरपाई संपल्यावर? कॅगचा 2023 चा अहवाल बघा. उडानच्या पहिल्या तीन टप्प्यांतल्या 774 रूटपैकी 403 सुरूच झाले नाहीत. जे 371 सुरू झाले, त्यातल्या 112 रूटनीच तीन वर्षं पूर्ण केली. आणि मार्च 2023 मध्ये, सवलत संपल्यावरही चालू होते फक्त 54.

आपल्या सिंधुदुर्गात चिपी विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला, उडानखाली मुंबईचं विमान आलं. 2024 मध्ये मुदत संपली आणि ती सेवा बंद पडली. दरम्यान जानेवारी 2023 पासून शेजारी गोव्यात मोपा सुरू झाला होता. तिथे जास्त शहरांची विमानं मिळतात, मग सावंतवाडीचा माणूस तिकडे वळणारच. अशा ठिकाणी नुसत्या शुल्कमाफीने काम भागत नाही, असं माझं मत.

म्हणून विमानाच्या भरवशावर धंदा टाकताना विचारा: रूट सवलतीवर चालतोय का, मुदत कधी संपते, एअरलाइन एकच आहे की दोन-तीन? वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर. त्या वेळी नक्की लक्ष ठेवा.

आणि तुमचा धंदा आधीच चालू असेल तर आणखी एक करा. महिन्याला तुमची किती माणसं कुठे प्रवास करतात, किती किलो आंबा किंवा मासळी बाहेर जाते, हे लेटरहेडवर लिहून व्यापारी संघटनेमार्फत विमानतळाच्या संचालकांकडे द्या. एअरलाइनसमोर बसताना त्यांना नेमके असेच कागद लागतात.