दिवसा बातमी, रात्री गाणे. मग झोप केव्हा?

आपल्या जिल्ह्यात असा एक वर्ग आहे, की ज्याची नोंद कोणत्याही कचेरीत सापडायची नाही. ही मंडळी दिवसा पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड अशा ठिकाणांहून एकदोन वर्तमानपत्रांना बातम्या पाठवतात आणि रात्री हार्मोनियम किंवा माइक घेऊन मंचावर असतात. कोणी भजनी मंडळात, कोणी भीमगीतांच्या कार्यक्रमात, कोणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात. पगार दोन्हीकडे नाही. बातमीचे मानधन छापून आल्यावर, गाण्याची बिदागी कार्यक्रम पार पडल्यावर, आणि तीही पुष्कळदा "पुढच्या आठवड्यात देतो" या बोलीवर. लोकांना वाटते, काय मजेचे आयुष्य आहे! त्यांच्या प्रकृतीकडे मात्र कोणी पाहत नाही. ते स्वतः तर मुळीच नाही.

ही जोडी नवी नव्हे. ज्यांचे बालपण अमरावतीत गेले ते केशवराव भोळे (जन्म १८९६) वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबईला गेले, ते अर्धवट टाकून संगीताकडे वळले आणि 'एकलव्य' व 'शुद्धसारंग' या टोपणनावांनी नियतकालिकांतून संगीतावर लिहू लागले. गाणारा माणूस आणि लिहिणारा माणूस एकाच देहात नांदत होते. पुढे ते 'प्रभात'मध्ये संगीत दिग्दर्शक झाले. 'संत तुकाराम' (१९३६), 'कुंकू' (१९३७) हे त्यांचेच काम. आपल्या शकुंतला रेल्वेचे दुसरे टोक असलेल्या मूर्तिजापुरात १९२० साली जन्मलेले डॉ. वसंतराव देशपांडे यांनी तर जवळजवळ दोन तपे लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केली आणि गाणे सांभाळले. 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले ते १९६७ साली. दोघांच्याही आयुष्यात कधी ना कधी बांधलेल्या कामाचा आधार होता. आज आपल्याकडे ज्यांना तो नाही, त्यांनी शरीराचा हिशेब अधिक काटेकोर ठेवायला हवा.

कारण शरीराच्या दृष्टीने हे दोन धंदे नाहीतच. दिवसभर फोनवर बोलणारा गळा आणि रात्री वरच्या पट्टीत गाणारा गळा एकच. अंगठ्याने मोबाइलवर बातमी लिहिणारा हात आणि तबल्यावर पडणारा हातही एकच. माणूस मात्र म्हणतो, "आज गाणे कुठे झाले? आज तर फक्त बातम्याच होत्या." म्हणजे त्याच्या लेखी गळ्याला सुटी मिळाली! प्रत्यक्षात बसस्टँडवरच्या गोंगाटात मोठ्याने बोलणे हे गाण्यापेक्षा कमी श्रमाचे नसते.

गळ्यातल्या स्वरतंतूंचे काम समजून घेण्यासारखे आहे. साधे बोलताना ते पुरुषाच्या गळ्यात सेकंदाला शंभराहून अधिक वेळा आणि स्त्रीच्या गळ्यात दोनशेच्या आसपास एकमेकांवर आपटतात. त्यांच्यावरचा ओलावा टिकला तरच हे घर्षण सोसते. आपल्या उन्हाळ्यात घामावाटे पाणी जाते आणि वरून चहाच्या कपामागे कप. पाण्याची बाटली जवळ ठेवावी हा सल्ला म्हणूनच साधा असला तरी पहिला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या घशाला बऱ्या वाटतात, पण ते पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. साध्या पाण्याची वाफ पोहोचते. आवाज बसला की कुजबुजत बोलणाऱ्यांची आपल्याकडे मोठी संख्या आहे. त्याने ताण कमी होत नाही, अनेकदा वाढतोच. अशा वेळी गप्प राहावे. निरोप लिहून द्यावा. पत्रकाराला ते जड जाऊ नये.

यवतमाळचे नवरात्र दूरदूरच्या लोकांना ठाऊक आहे. त्या दिवसांत गाणाऱ्याला लागोपाठ रात्री मिळतात आणि वर्तमानपत्रालाही उत्सवाच्या बातम्या त्याच दिवसांत हव्या असतात. सगळ्या तारखा घ्याव्यात असा मोह होणार, आणि वर्षाची कमाई त्यावर असेल तर त्याला मोह तरी कसे म्हणावे! पण मग त्या दिवसांत फोनवरच्या मुलाखती कमी कराव्यात आणि पाचव्या-सहाव्या रात्री आपल्याऐवजी दुसऱ्या गायकाला दोन गाणी जास्त द्यावीत. कार्यक्रम संपल्यावर रात्री एक वाजता झणझणीत रस्सा खाऊन लगेच आडवे होणे हे तर आवाजाचे वैरी. पोटातले आम्ल वर चढून स्वरयंत्राला लागते आणि सकाळी आवाज घोगरा येतो. माणूस थंडीला दोष देतो. पोटभर जेवण कार्यक्रमाच्या दोन-तीन तास आधी करावे, नंतर लागलेच तर हलके काही घ्यावे.

खर्ऱ्याबद्दल लिहिले तर काही वाचक पान उलटतील, तरी लिहिणे भाग आहे. सुपारी-तंबाखूने गालाची आतली त्वचा ताठर होत जाते आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होते. ज्याला 'आ'कार लावायचा आहे, त्याचे तोंडच उघडेनासे झाले तर काय उरले? कर्करोगाची भीती त्याच्या पुढची. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला तर, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याने किंवा विडी ओढणाऱ्याने, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ही सोय आहे.

कानाचेही थोडे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास सोसता येतो असे मानतात आणि दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे. स्पीकरच्या भिंतीसमोर उभे राहून तीन तास गाणाऱ्याने कानात बोळे घालावेत. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहणे ही इजेची खूण आहे. मनगटात मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल तर तेही दाखवावे.

सर्वांत मोठा धोका मात्र गळ्याला नाही, जिवाला आहे. दिग्रसला किंवा पांढरकवड्याला कार्यक्रम आटोपून रात्री दोन वाजता मोटारसायकलने निघायचे, कारण सकाळी नऊला कलेक्टर कचेरीत पत्रकार परिषद! सलग १७ ते १९ तास जागलेल्या माणसाचे भान आणि हालचाली रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतक्या मंद होतात, असे प्रयोगांत दिसले आहे. डोळा दोन-चार सेकंद लागतो आणि लागला हे कळतही नाही. तोंडावर पाणी मारून किंवा मोठ्याने गात गाडी हाकल्याने झोप टळत नाही. बिदागी ठरवतानाच रात्री मुक्कामाची सोय मागून घ्यावी. मंडपातल्या सतरंजीवर उजाडेपर्यंत झोपण्यात कमीपणा नाही.

मनाचा भारही आहे. सकाळी कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला प्रश्न विचारायचे आणि संध्याकाळी हळदीच्या कार्यक्रमात नाचाची गाणी म्हणायची, हे या जिल्ह्यातल्या पत्रकार-गायकाला करावे लागते. २०१७ साली कपाशीवरच्या फवारणीतून विषबाधा झाली, शेतकरी आणि मजूर दगावले. तेव्हा बातमी आणणाऱ्यांनी जे पाहिले ते बातमीबरोबर छापून संपले नाही. झोप न लागणे, उगाच चिडचिड, गाण्यात गोडी न वाटणे, 'थकवा घालवायला' रोज प्याला लागणे, असे दोन आठवडे चालले तर कोणाशी तरी बोलावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच असून तो रात्रीही लागतो.

आजारी पडल्यास भरपगारी रजा नाही, म्हणून कागदपत्रे तयार हवीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत वाढवली असून ठरावीक उपचारांसाठी, योजनेतील रुग्णालयांत, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. शिधापत्रिका आणि आधार यांवरची नावे जुळतात की नाही हे आजच पाहून घ्यावे, दवाखान्याच्या खिडकीवर नव्हे.

राहिली सुटी. ती मंजूर करणारा साहेब या धंद्यात नाही. तारखांच्या वहीत आठवड्यातली एक रात्र आधीच स्वतःच्या नावाने लिहून ठेवावी. कोणी विचारले तर सांगावे, त्या दिवसाची तारीख गेलेली आहे.