टीमची सहल, पण गेमिंगच्या जत्रेत!

ऑफिसची नाहीतर कॉलेज कमिटीची सहल म्हटली की परभणीत ऑप्शन ठरलेले. थंडीत कुणाच्या तरी शेतावर हुरडा पार्टी, पावसाळ्यात येलदरी धरण. सर एका कोपऱ्यात, ज्युनिअर दुसऱ्या कोपऱ्यात आणि ग्रुप फोटोत मात्र सगळे चिकटून!

यंदा प्लॅन बदलून बघा. देवगिरी एक्स्प्रेसमध्ये रात्री बसलं की सकाळी मुंबई. तिथल्या कॉमिक कॉनमध्ये गेमिंगही जोरात असतं. मे २०२५ मध्ये बीकेसीत चार दिवस झालेल्या 'वेव्हज' परिषदेत अ‍ॅनिमेशन, कॉमिक्ससोबत गेमिंगलाही जागा होती. गेम बनवण्यात रस असेल, तर नोव्हेंबरात 'आयजीडीसी' भरते.

आत नेमकं काय असतं? तुराबुल हक बाबांचा उरूस डोळ्यांसमोर आणा. तीच गर्दी, तेच स्टॉल. फक्त पाळण्याऐवजी व्हीआर हेडसेटसाठी रांग, कुस्त्यांच्या फडाऐवजी ई-स्पोर्ट्सचं स्टेज. कॉमेंट्री मात्र तशीच, घसा बसेपर्यंत!

टीमनं मिळून खेळायचे गेम तर खासच. २०१६ मध्ये आलेला 'ओव्हरकुक्ड' घ्या. चार जण, एक किचन. एक भाज्या चिरणार, दुसरा शिजवणार, तिसरा ताटल्या धुणार, चौथा ऑर्डर पोचवणार आणि घड्याळ पळतंय. इथे 'सर, जरा बोलायचं होतं' म्हणायला वेळच नसतो. थेट 'सर, ताटली!' 'पँडेमिक' या बोर्ड गेममध्ये तर सगळे मिळून साथीच्या रोगांशी लढतात. जिंकले तर सगळे, हरले तरी सगळेच. मीटिंगमध्ये गप्प बसणाऱ्याचं डोकं किती भारी चालतं, हे अशा टेबलावर कळतं.

पण सगळ्यात जास्त वेळ द्या छोट्या स्टुडिओंच्या स्टॉलला. तिथे गेम बनवणारेच उभे असतात. तुम्ही खेळता, ते बघतात. कुठे अडलात, कुठे कंटाळलात, सगळं टिपून घेतात. आपलं काम अनोळखी माणसाच्या हातात द्यायचं आणि गप्प राहून बघायचं, ही हिंमत कुठल्याही टीमनं शिकावी अशीच.

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ची गोष्ट माहितीये? 'राजी' या गेमसाठी त्यांनी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे मागितले. टार्गेट पूर्ण झालं नाही. तरी काम थांबलं नाही. २०२० मध्ये गेम बाजारात आला आणि त्याच वर्षी जगभर बघितल्या जाणाऱ्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. त्यात हिरोईन आहे भावाला शोधणारी मुलगी, आजूबाजूला राजस्थानी महाल आणि मधली गोष्ट सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. हे सगळं एकट्या कोडरचं काम नाही. चित्रकार, संगीतकार, लेखक, टेस्टर, हिशेब ठेवणारा, सगळेच लागतात. कॉमर्सवाल्यांनो, मराठी लिटरेचरवाल्यांनो, ऐकताय ना?

आता घरचा प्रश्न. 'गेम खेळायला मुंबईला?' आई-बाबांची भीती उगाच नसते. पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपपायी कर्जात बुडालेले लोक त्यांनी बघितलेत. त्यांना दोन गोष्टी सांगा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली, पण ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्यानं मान्यता दिली. गेम आणि जुगार यांत फरक आहे, हे सरकारही मानतं. आणि हो, तो फरक आधी आपल्यालाही पाळावा लागेल.

जाण्याआधी:
- तिकीट ऑनलाइन काढा, विद्यार्थ्यांसाठी सवलत आहे का बघा.
- पायात बूट, बॅगेत पाण्याची बाटली आणि पॉवर बँक.
- एक तास सगळ्यांनी एकत्र खेळायचं, मग ज्यानं त्यानं आपल्या आवडीचा स्टॉल गाठायचा.
- आवडलेला गेम कुणी बनवला, ते विचारा. इंटर्नशिप आहे का, तेही विचारा. लाजू नका!

परतीच्या गाडीत यावेळी झोप लागणं कठीण. ताटली कुणामुळे फुटली, यावर भांडण मिटेपर्यंत परभणी आलेलं असेल.