संगणकाच्या खतावणीचे रकाने

कामरगावच्या कापड व्यापाऱ्याला खतावणी नवी नाही. तारीख, तपशील, जमा, नावे, बाकी हे रकाने एकदा आखले की वही वर्षभर चालते. आता ही वही संगणकात गेली. पण तिथले रकाने कोणी व कसे आखले, हे आपले व्यापारी बंधू क्वचितच विचारतात.

संगणकात माहिती तक्त्यांत राहते. कोणत्या तक्त्यात कोणते रकाने, कशात तारीख आणि कशात रक्कम, कोणता रकाना रिकामा चालणार नाही, या आखणीला स्कीमा म्हणतात. तक्ते एकीकडे आणि प्रोग्राम दुसरीकडे, असे दोनदा लिहिले तर मेळ बसत नाही. म्हणून ओआरएम पद्धतीत आखणी प्रोग्राममध्येच एकदा लिहितात व तक्ते तिच्यावरून तयार होतात. मुंबईच्या फ्रापे कंपनीच्या ईआरपीनेक्स्ट या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा आखणीला डॉकटाइप म्हणतात. ग्राहकाचा एक, बिलाचा दुसरा, बिलातील मालाच्या ओळींचा तिसरा.

आखणी नीट असेल तर बदल जड जात नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि कामरगावचा जिल्हा बदलला. जिल्ह्याचा रकाना स्वतंत्र असेल तर अशी दुरुस्ती सोपी. सगळा पत्ता एकाच रकान्यात कोंबला असेल तर एकेक नोंद तपासावी लागते. जीएसटीचेही तसेच. तयार कपड्यावर १,००० रुपये नगापर्यंत ५ टक्के व त्यावर १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंत ५ व त्यावर १८ टक्के झाला. दरांचा वेगळा तक्ता व त्यात ‘केव्हापासून’ हा रकाना असेल, तर जुने बिल जुन्याच दराने राहते.

खरा धोका रकान्याचे नाव बदलताना असतो. आखणीत ‘बाकी’चे नुसते ‘येणे’ केले, तर फ्रापे नवा रिकामा रकाना उघडते. जुनी रक्कम जुन्या रकान्यात पडून राहते आणि गिऱ्हाइकाची उधारी शून्य दिसते! काही प्रोग्रामांत तर जुना रकाना मजकुरासह पुसला जातो. म्हणून रक्कम हलवण्याची पायरी वेगळी लिहावी लागते. अशा क्रमवार पायऱ्यांना मायग्रेशन म्हणतात.

तेव्हा बंधूंनो, प्रोग्राम बदलणाऱ्याला आधी नक्कल काढायला सांगा, बदल त्या नकलेवर करून पाहायला लावा, आणि बदलाआधीची व नंतरची एकूण उधारी स्वतः ताडून पाहा. पैसा जुळला तरच मूळ वहीला हात लावू द्या.