देश नंतर, किनारा आधी

मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशीपार जातो आणि शाळांना सुट्टी असते, म्हणून परदेशी समुद्राचे बेत तेव्हाच ठरतात. मात्र देश निवडण्याआधी किनारा आणि वारा पाहायला हवा. आपल्याला पाऊस देणारे नैऋत्य वारे मेअखेरीस श्रीलंकेतल्या गॉल, हिक्कडुवाचा समुद्र खवळवतात. मधले डोंगर हे वारे अडवतात, त्यामुळे पूर्वेचे त्रिंकोमाली तेव्हा कोरडे राहते. तिथल्या निलावेलीहून होडीने पिजन आयलंडला जाऊन उथळ पाण्यात प्रवाळ पाहता येतात.

पावसाळी सवलतीत थायलंडचे फुकेत स्वस्त पडते, हा आक्षेप खरा आहे. पण किनाऱ्यावर पोहू नका सांगणारे लाल झेंडे असतील, तर ती बचत कसली? जवळची सिमिलान बेटेही मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात. त्याऐवजी थायलंडच्याच आखातातले सामुई बेट तेव्हा तुलनेने कोरडे असते. मग कोकणच का नको? मे महिन्यासाठी ते उत्तमच. पण जून ते ऑगस्ट तिथले जलक्रीडा प्रकार बंद असतात. परदेशच ठरला, तर पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरली आहे का आणि विम्यात डायव्हिंग धरले आहे का, हे तिकिटाआधी तपासावे.