त्वचेचं आतबाहेर : भाग ९
आठी घालणारा स्नायू

मागचे दोन भाग ऊन आणि सनस्क्रीनचे होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी सनस्क्रीनबद्दल नव्हतीच. ‘पंचेचाळिशी उलटली, कपाळावरच्या आठ्यांसाठी इंजेक्शन घ्यावं म्हणते, पण धीर होत नाही’ असा त्यांचा सूर. विचारणाऱ्यांत पुरुषही आहेत, फक्त ते ‘बायकोसाठी विचारतोय’ असं आवर्जून लिहितात. तेव्हा आजचा भाग पहिल्यांदाच सुई घेऊ पाहणाऱ्यांसाठी.

पण सुईआधी स्नायू. अंगातले बहुतेक स्नायू दोन्ही टोकांना हाडाला धरून असतात. चेहऱ्यावरचे स्नायू मात्र एका टोकाने थेट कातडीत शिरलेले, त्यामुळे ते आखडले की वरची कातडी दुमडते. आरशासमोर उभं राहून त्रासिक तोंड करून पाहा. भुवया एकमेकींकडे सरकतात, ते काम कॉरुगेटर नावाच्या स्नायूच्या जोडीचं. नाकाच्या मुळाशी आडवी घडी पडते, ती प्रोसेरसमुळे. टिकली लावतो ती जागा याच मुलखातली. आश्चर्याने भुवया वर गेल्या की कपाळावर आडव्या रेषा उमटतात, त्या फ्रंटॅलिसच्या. हसताना डोळ्यांच्या कडेला फुटणाऱ्या रेषा डोळ्याभोवतीच्या गोल स्नायूच्या.

तरुणपणी ही घडी पडते आणि लगेच उलगडते. वय आणि ऊन मिळून कातडीतलं कोलॅजन कमी करत जातात, मग घडी मुक्काम ठोकते. घरच्या घरी एक परीक्षा घेता येईल. चेहरा सैल सोडल्यावर जी रेषा दिसेनाशी होते तिच्यावर हे इंजेक्शन उत्तम चालतं. सैल सोडूनही जी कोरल्यासारखी राहते ती पुसट होईल, पूर्ण जाईलच असं नाही. उन्हाने गालांवर पडलेली बारीक जाळी किंवा हनुवटीखाली लोंबणारी कातडी यांच्याशी या औषधाचं काही देणंघेणं नाही. ते सुरकुतीला हातच लावत नाही. सुरकुती पाडणाऱ्या स्नायूला तेवढं गप्प बसवतं. निकाल उशिरा का दिसतो, तो टिकत का नाही, कधीकधी पापणी खाली का येते, या साऱ्याची उत्तरं यातच आहेत.

हे गप्प बसवणं कसं होतं? मज्जातंतूच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांत अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन भरलेलं असतं. मेंदूचा हुकूम आला की या पिशव्या फुटतात, रसायन स्नायूपर्यंत जातं आणि स्नायू आखडतो. पिशवी फुटायला स्नॅप-२५ नावाचं प्रथिन लागतं. इंजेक्शनमधलं बोट्युलिनम टॉक्सिन तेच कापून टाकतं. हुकूम येतो, पण पोहोचत नाही. काही महिन्यांत मज्जातंतू आपली यंत्रणा पुन्हा उभी करतो आणि आठी परत येते.

टॉक्सिन म्हणजे विष, आणि हे ज्ञात विषांतलं सर्वांत जहाल मानलं जातं, यात लपवण्यासारखं काही नाही. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने (हा गृहस्थ कवीही होता) बिघडलेल्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास केला, विषाचा अर्क स्वतःवर तपासला आणि याचा औषध म्हणून उपयोग होईल, असंही लिहून ठेवलं. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावात अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांना डुकराचं खारवलेलं मांस बाधलं, तेव्हा एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्यामागचा जंतू शोधला. केर्नरचे बोल खरे व्हायला मात्र १९७० चं दशक उजाडलं. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट तिरळेपणावर शस्त्रक्रियेला पर्याय शोधत होते. डोळा ओढून धरणारा स्नायू सैल करायला त्यांनी या विषाची अत्यल्प मात्रा वापरली. १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी त्याला परवानगी दिली.

आठ्यांपर्यंतचा प्रवास मला सगळ्यांत गमतीचा वाटतो. व्हँकूव्हरमध्ये जीन कॅरुथर्स या नेत्रतज्ज्ञ बाई पापण्यांच्या आकडीवर हीच इंजेक्शनं देत. १९८७ च्या सुमारास त्यांची एक रुग्ण रागावली : या वेळी भुवयांच्या मध्ये का नाही दिलंत? तिथे दिलं की चेहरा शांत, ताजातवाना दिसतो, अशी तिची तक्रार. जीन यांचे पती अलास्टेर त्वचारोगतज्ज्ञ. त्यांचे पेशंट आठ्यांसाठीच येत आणि त्यांच्यासाठी फारसं काही हातात नसे. दोघांनी मिळून प्रयोग करायचं ठरवलं, तेव्हा पहिली तयार झाली त्यांची रिसेप्शनिस्ट. पुढच्या पेशंटांना पटवणं सोपं नव्हतं. कपाळात विष टोचून घ्यायला कोण हौसेने येईल? त्यांचा शोधनिबंध १९९२ मध्ये आला, आणि भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत अधिकृत परवानगी मिळायला २००२ साल उजाडलं.

आता प्रत्यक्ष सुई. फ्रीजमधून काढलेली बाटली पाहून नवखा पेशंट हमखास म्हणतो, “डॉक्टर, ही तर रिकामी आहे!” औषध इतकं कमी असतं की तळाशी वाळलेला पापुद्राही धड दिसत नाही. त्यात सलाईन घालायचं असतं. बाटलीत हवा काढून पोकळी केलेली असते, सुई टोचताच ती सलाईन आपोआप आत ओढून घेते. ओढून घेतलं नाही, तर बाटली टाकून द्यायची. हे तुमच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं. सीलबंद बाटली दाखवा, असं म्हणायला संकोच करू नका.

मग टिकली काढायची, कपाळ स्वच्छ पुसायचं. “रागवा” म्हटलं की रागवायचं, आणि बऱ्याच जणींना नेमकं त्याच वेळी हसू येतं. स्नायू कुठे फुगतो ते बोटाने चाचपून पांढऱ्या पेन्सिलने खुणा होतात. भुवयांमधल्या आठ्यांची ठरलेली मात्रा पाच ठिकाणी चार-चार, एकूण २० युनिट. सुई इन्सुलिनच्या सुईइतकी बारीक. प्रत्येक ठिकाणी डास चावल्यासारखा फुगवटा येतो, तो थोड्या वेळात बसतो. सगळा कार्यक्रम दहा मिनिटांचा.

युनिटबद्दल एक सांगायलाच हवं. बोटॉक्स हे एका कंपनीच्या औषधाचं नाव आहे आणि बाजारात इतरही आहेत. त्यांची युनिटं एकमेकांत बदलता येत नाहीत. वरची २० युनिटं बोटॉक्सची; डिस्पोर्ट या दुसऱ्या औषधाची याच जागेची मात्रा ५० युनिट आहे. म्हणून ‘तिथे स्वस्तात जास्त युनिट देतात’ या हिशेबाला काही अर्थ नाही. औषधाचं नाव, बॅच नंबर आणि किती युनिट दिली, हे लिहून घ्या. पुढच्या वेळी डॉक्टर बदलले तर तोच कागद कामाला येतो.

दुसऱ्या दिवशी फोन येतो, “काहीच झालं नाही!” होतही नाही. तिसऱ्या दिवसापासून फरक जाणवू लागतो, पुरता परिणाम दोन आठवड्यांनी दिसतो. तीन-चार महिन्यांनी आठी परतते. इंजेक्शन बंद केलं तर चेहरा पहिल्यापेक्षा वाईट होतो, ही ऐकीव गोष्ट. तो पहिल्यासारखा होतो, इतकंच.

‘चेहरा दगडी होईल का?’ ही भीती मात्र अगदीच पोकळ नाही. भुवया वर उचलणारा स्नायू एकच, फ्रंटॅलिस. पन्नाशीत पापण्या जड झालेल्या कित्येक जणी नकळत त्याच स्नायूच्या जोरावर डोळे उघडे ठेवतात. आडव्या रेषा घालवायच्या नादात तो जास्त झोपवला, तर भुवया खाली बसतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : पहिल्या खेपेला फक्त भुवयांमधल्या आठ्या. कपाळ पुढच्या वेळी, तेही जपून. दोन आठवड्यांनी कमी वाटलं तर भर घालता येते, जास्त झालेलं काढून घेता येत नाही. तुम्ही नाटकात काम करत असाल, भरतनाट्यम किंवा लावणी करत असाल, तर ते आधी सांगा. भुवईची अदा गेलेली चालणार आहे का, हे तुम्हीच ठरवायचं.

पापणी खाली येते ती औषध शेजारच्या, पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोहोचलं तर. चाचण्यांमध्ये साधारण १०० पैकी तिघांना हा त्रास झाला. काही आठवड्यांत तो जातो, तोवर डोळ्यांत घालायचे थेंब मदत करतात. सुईमुळे थोडं काळंनिळं होऊ शकतं. पण म्हणून हृदयासाठी चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. गरोदरपणात, अंगावर पाजत असताना आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिससारख्या स्नायूंच्या आजारात हे इंजेक्शन घ्यायचं नाही. नंतर गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला जड वाटलं तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. नेमून दिलेल्या सौंदर्यमात्रेत असं घडणं फार दुर्मीळ, पण ठाऊक असावं.

खरी भीती वाटायला हवी ती औषध कुठून आलं याची. २००४ मध्ये फ्लोरिडात एका डॉक्टरने माणसांसाठी नसलेलं, प्रयोगशाळेतलं टॉक्सिन वापरलं. त्याच्यासकट चौघं लुळे पडून व्हेंटिलेटरवर गेले. बोटॉक्सच्या न उघडलेल्या बाटलीलाही २ ते ८ अंशांत थंडावा लागतो. विदर्भातल्या मे महिन्यात, भारनियमन चालू असताना कुठल्या फ्रीजमध्ये ती किती काळ पडून होती, हे पार्लरवाली ताई छातीठोकपणे सांगू शकणार नाही. (पार्लरमधल्या ‘हेअर बोटॉक्स’मध्ये हे औषध औषधालाही नसतं. तो केस मऊ करणारा लेप.) इंजेक्शन देणाऱ्याकडे त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीची पदवी आहे ना, आणि पापणी उतरली तर तोच माणूस दोन आठवड्यांनी भेटणार आहे ना, एवढं आधी विचारा.

लग्नसराई आहे, म्हणून शेवटचं पत्र एका वधूमायचं : ‘मुलीच्या हळदीच्या आदल्या दिवशी घेतलं तर चालेल?’ नाही. त्या दिवशी काही दिसणार नाही, आणि कपाळावर निळा डाग दिसला तर फोटोत तोच राहील. निदान महिनाभर आधी घ्या, म्हणजे दोन आठवड्यांनी दाखवून काही कमी-जास्त करायला जागा राहते. सुई घेतली त्या दिवशी फेशियल, डोक्याला तेलमालीश आणि व्यायाम नको. चार तास आडवं होऊ नये या सल्ल्याला भक्कम पुरावा नाही, पण पाळायला काही बिघडत नाही.

पुढच्या आठवड्यात फिलर. सुई दिसायला तशीच असते. धोका मात्र रक्तवाहिनीत असतो, आणि तो समजून घ्यायला अख्खा भाग लागेल.